गोवर निर्मूलन : उरलेल्या पाच टक्क्यांचे गणित

गोवर आणि रुबेला या दोन आजारांचे देशातून निर्मूलन करण्यासाठी भारतासमोर आजवर तीन मुदती येऊन गेल्या. प्रथम २०२०, नंतर २०२३ आणि त्यानंतर २०२६. एप्रिल २०२५ मध्ये जागतिक लसीकरण सप्ताहाच्या निमित्ताने केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी ‘राष्ट्रीय शून्य गोवर-रुबेला निर्मूलन मोहीम’ सुरू केली. त्या वेळी सरकारने दिलेली आकडेवारी आशा वाटावी अशीच होती. २०२४-२५ या वर्षात लसीच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के, तर दुसऱ्या मात्रेचे ९२.२ टक्के होते. २०२३ च्या तुलनेत २०२४ मध्ये गोवराचे रुग्ण ७३ टक्क्यांनी घटले होते. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण आढळला नव्हता. शंभरातील त्र्याण्णव मुलांपर्यंत लस पोचली असताना मुदत पुन:पुन्हा पुढे का ढकलावी लागते, असा प्रश्न यावर कोणालाही पडेल. त्याचे उत्तर उरलेल्या सहा-सात मुलांमध्ये आहे. आणि ती मुले देशात कोठे राहतात, यामध्ये अधिक आहे.

<b>‘येऊन जाणारा’ आजार</b>

गोवर मराठी घरांना परका नाही. पोराच्या अंगावर लालसर पुरळ उठले की त्याला अंधाऱ्या खोलीत निजवायचे, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, वारा लागू द्यायचा नाही आणि गोवर पूर्ण ‘बाहेर पडेपर्यंत’ औषधपाण्याच्या फंदात पडायचे नाही, अशी रीत अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. एकदा गोवर येऊन गेला की पोर सुटले, अशी समजूत त्यामागे होती. ती अगदीच निराधार नव्हती. गोवर एकदा होऊन गेला की सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर मोठी साथ आली तेव्हा तेथील सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० जण आजारी पडले. मात्र १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता असे वृद्ध पासष्ट वर्षांनंतरही सुरक्षित राहिले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने केलेली ही नोंद रोगप्रतिकारशास्त्रात आजही सांगितली जाते.

चूक होती ती आजार किरकोळ समजण्यात. सुदृढ मूल बहुधा आठ-दहा दिवसांत बरे होते, हे खरे. परंतु कुपोषित मुलाला गोवर झाला की त्यापाठोपाठ न्यूमोनिया आणि अतिसार येतात, आणि मृत्यू ओढवतो तो बहुतेकदा त्यांमुळे. त्यामुळे गावपातळीवर मृत्यूची नोंद झालीच, तर ती ‘ताप’ किंवा ‘जुलाब’ अशी होत असे आणि गोवर नामानिराळा राहत असे. शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठाही या आजारात झपाट्याने घटतो आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच भारतातील कार्यक्रमात नवव्या महिन्यातील लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक लाख एककांचा डोस तोंडावाटे देण्याची पद्धत आहे. गोवर झालेल्या मुलालाही वयानुसार या जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी दिल्या जातात.

गोवराचे आणखी एक उपद्रवमूल्य अलीकडे उघड झाले आहे. हा विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसून टाकतो. लस न घेतलेल्या डच मुलांच्या रक्ताची आजारापूर्वी आणि आजारानंतर तपासणी केली असता, इतर रोगांविरुद्ध त्यांच्या शरीरात आधी असलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. याचा अर्थ असा की, गोवरातून उठलेले मूल पुढे कित्येक महिने, कदाचित दोन-तीन वर्षे, अन्य रोगजंतूंपुढे दुबळे असते. ज्या देशात पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनिया आणि अतिसाराचा मोठा वाटा आहे, तेथे ही बाब केवळ शास्त्रीय कुतूहलाची राहत नाही.

<b>पंच्याण्णव टक्के कशासाठी?</b>

माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत संसर्गजन्य आजारांत गोवराची गणना होते. लस न घेतलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो. रुग्ण खोकून खोलीबाहेर गेल्यानंतरही त्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. पुरळ दिसण्याआधी चार दिवसांपासूनच रुग्ण इतरांना आजार देऊ लागतो. म्हणजे आईला गोवराची शंका येते तोवर तो चाळीत, अंगणवाडीत आणि दवाखान्याच्या बाकावर पोचलेला असतो. अशा आजाराची साखळी तोडायची तर समाजातील सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. पोलिओसाठी हे प्रमाण यापेक्षा कमी होते. गोवर तेवढीही सवलत देत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. ९५ टक्क्यांना लस देणे आणि ९५ टक्के सुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात काही महिने असतात आणि ती लसीच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा शंभरापैकी साधारण ८५ बाळांनाच संरक्षण देते. बाराव्या महिन्यानंतर दिली तर हे प्रमाण वाढते; पण ज्या देशात वर्षाच्या आतच अनेक बाळांना गोवर होत होता, तेथे तोवर थांबणे परवडणारे नव्हते. आता शंभरातील ९० बाळांना पहिली मात्रा दिली असे समजा. त्यांपैकी ८५ टक्के सुरक्षित, म्हणजे ७६ किंवा ७७. उरलेली २३-२४ बाळे उघडीच राहतात. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बालके जन्माला येतात. या हिशेबाने दरवर्षी पन्नास लाखांहून अधिक मुले गोवराच्या वाटेवर उभी राहतात आणि दर तीन-चार वर्षांनी साथीला पुरेसे इंधन साठते.

दुसरी मात्रा हवी ती यासाठी. सर्वसामान्य पालकांची, आणि काही डॉक्टरांचीही, समजूत अशी असते की दुसरी मात्रा म्हणजे पहिलीचा जोर वाढवणारा ‘बूस्टर’. गोवराच्या बाबतीत तसे नाही. पहिल्या वेळी ज्यांच्या शरीराने लस ‘धरली’ नाही, त्यांना दिलेली ती दुसरी संधी असते. आणि पहिली मात्राच ज्यांची हुकली, त्यांच्यासाठी ती पहिली. अडचण अशी की, कोणाच्या शरीराने लस धरली आणि कोणाच्या नाही, हे दंडाकडे पाहून कळत नाही. म्हणून दुसरी मात्रा सर्वांनाच द्यावी लागते.

<b>पंचवीस वर्षे एकाच मात्रेची</b>

गोवराचा विषाणू १९५४ मध्ये जॉन एन्डर्स आणि टॉमस पीबल्स यांनी बोस्टनमधील डेव्हिड एडमन्स्टन या शाळकरी मुलाच्या रक्तातून वेगळा केला. त्यापासून तयार झालेली लस अमेरिकेत १९६३ मध्ये मंजूर झाली. त्या मुलाचे आडनाव आजही लसीला चिकटून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आणि भारतासह अनेक गरीब देशांना पुरवली जाणारी लस ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या वाणाची आहे. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीमुळे विकसनशील देशांना स्वस्त दरात गोवराची लस उपलब्ध झाली. तेव्हा भारतासमोर लसीच्या तुटवड्याची अडचण फारशी नव्हती. कार्यक्रम रेंगाळला तो इतर कारणांनी.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्यात गोवर नव्हता. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला आणि त्यात नवव्या महिन्यातील गोवराच्या लसीचा समावेश झाला. काही जिल्ह्यांपासून सुरुवात करून १९८९-९० पर्यंत तो सर्व जिल्ह्यांत नेण्यात आला. कागदोपत्री जिल्हे व्यापले गेले. बाळे मात्र राहून गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये एक ते दोन वर्षे वयाच्या जेमतेम ४२ टक्के मुलांना ही लस मिळाली होती. २००५-०६ मध्ये हे प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास पोचले. तेरा वर्षांत सतरा टक्के ही गती कोणत्याही मापाने मंदच म्हणावी लागेल. त्यानंतर मात्र चित्र पालटले. २०१५-१६ च्या पाहणीत ते ८१ टक्के, तर २०१९-२१ च्या पाहणीत ८७.९ टक्के आढळले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून गावोगाव उभी राहिलेली ‘आशा’ कार्यकर्त्यांची फळी आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले ‘मिशन इंद्रधनुष’ यांचा या वाढीत मोठा वाटा आहे.

जगातील बहुसंख्य देश दोन मात्रा देत असताना भारत २०१० पर्यंत एकाच मात्रेवर थांबला होता. दिल्ली, गोवा, सिक्कीम आणि पुदुच्चेरी या ठिकाणी गालगुंड-गोवर-रुबेलाची एकत्रित लस देण्याचा स्थानिक निर्णय झाला होता, तेवढाच अपवाद. या उशिराची किंमत मोठी होती. २०१० मध्ये जगभरात गोवराने अंदाजे १ लाख ३९ हजार मृत्यू झाले आणि त्यांतील ४७ टक्के एकट्या भारतातील होते, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. पोलिओमागे यंत्रणा सारी शक्ती पणाला लावत होती, त्या काळात पोलिओपेक्षा कितीतरी अधिक मुले गोवराने दगावत होती.

<b>मोहिमांनी काय साधले</b>

२०१० मध्ये निर्णय झाला आणि तो अमलात आणताना देशाचे दोन भाग करण्यात आले. ज्या राज्यांत पहिल्या मात्रेचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते, तेथे नियमित कार्यक्रमातच दुसरी मात्रा सुरू झाली. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात, झारखंड आणि आसाम यांसह १४ राज्यांत प्रथम मोहीम घेऊन नऊ महिने ते दहा वर्षे वयाच्या मुलांना सरसकट टोचायचे ठरले. २०१३ पर्यंत सुमारे ११ कोटी ९० लाख मुलांना ही लस मिळाली.

या खटाटोपाचे मोजमाप झाले, ही गोष्ट महत्त्वाची. भारतातील मृत्यूंची कारणे शोधणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीतील २७ हजार बालमृत्यूंच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. मोहीम झालेल्या राज्यांत एक महिना ते पाच वर्षे वयोगटातील गोवराचे मृत्यू २७ टक्क्यांनी, तर इतर राज्यांत ११ टक्क्यांनी घटले होते. २०१० ते २०१३ या काळात ४१ हजार ते ५६ हजारांपर्यंत मुलांचे प्राण वाचले असावेत, असा अंदाज निघाला. त्यातील एक तपशील विशेष बोलका आहे. मृत्यूंतील घट मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक होती. नियमित लसीकरणासाठी बाळाला केंद्रावर न्यावे लागते आणि मुलगी असेल तर ती फेरी अनेक घरांत टळत होती. मोहिमेत टोचणारी व्यक्तीच वस्तीत येत होती. तेथे मुलगा-मुलगी असा भेद करण्यास फारसा वाव उरला नाही.

त्यानंतरची मोहीम याहून मोठी होती. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळुरू येथून गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेला सुरुवात झाली. कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी, गोवा आणि लक्षद्वीप यांचा पहिल्या टप्प्यात समावेश होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील सुमारे ४१ कोटी मुलांना लस देण्याचे उद्दिष्ट होते. जगात कोठेही एवढ्या मुलांसाठी अशी मोहीम आखली गेली नव्हती. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ पासून राबवण्यात आली. सर्वांत शेवटी, जानेवारी २०२३ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये ती सुरू झाली.

गोवराच्या लसीला रुबेलाची जोड का, हेही थोडक्यात पाहायला हवे. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो आईला झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले किंवा हृदयदोष घेऊन जन्मू शकते. या लसीत एक गोम आहे. ती थोड्याच मुलांना दिली तर बालवयातील लागण कमी होते, पण लागण होण्याचे वय पुढे सरकते. म्हणजे ज्या मुलींना लहानपणीच रुबेला होऊन गेला असता, त्या ऐन बाळंतपणाच्या वयात असुरक्षित राहतात. ग्रीसमध्ये १९९३ च्या साथीनंतर याचा अनुभव आला. म्हणून रुबेलाची लस द्यायची तर ती सरसकट आणि शाळकरी वयापासून, अन्यथा न दिलेली बरी, असा शास्त्रज्ञांचा आग्रह असतो. पंधरा वर्षांपर्यंतची मुले मोहिमेत घेण्यामागे हेच कारण होते.

<b>अफवा, संमती आणि शंका</b>

शाळेत घेतलेल्या लसीकरणाला विरोधही झाला. लसीने वंध्यत्व येते, ही विशिष्ट समाजाविरुद्धची चाल आहे, लस परदेशी कंपन्यांनी खपवली आहे, अशा मजकुराचे संदेश २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवरून दक्षिणेत फिरले आणि तेथून उत्तरेत पोचले. लस पुण्यात तयार होत होती, हे कोणी विचारात घेतले नाही. साक्षरतेत आघाडीवर असलेल्या केरळमध्ये मलप्पुरम जिल्हा मोहिमेत मागे पडला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. वास्तविक त्यात आश्चर्य नाही. न शिकलेला पालक शेजारणीचे ऐकतो, तर शिकलेला पालक मोबाइलवर आलेले वाचतो. विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न दोघांपुढेही सारखाच असतो.

दिल्लीत प्रश्न न्यायालयात गेला. पालकांची संमती न घेता शाळांमध्ये लस देण्याच्या निर्णयाला दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्थगिती दिली. आरोग्य यंत्रणेला हा अडथळा वाटला असला, तरी पालकांना आधी माहिती द्यायला हवी होती, हे नाकारता येत नाही. पोलिओचे दोन थेंब आणि दंडावर सुई यांत पालकांच्या मनाला मोठा फरक असतो. तरीही एकंदर मोहिमेत ३२ कोटींहून अधिक मुलांना लस मिळाली, हे यश कमी लेखण्यासारखे नाही.

शंकेला जागा देणाऱ्या घटनाही घडल्या आहेत. एप्रिल २००८ मध्ये तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्यात गोवराची लस दिल्यानंतर चार बालके दगावली. २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब भागात पंधरा मुले मृत्युमुखी पडली. तेथे लस विरघळवण्याच्या द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध वापरले गेल्याचे निष्पन्न झाले. गोवराची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि ती देण्यापूर्वी तिच्यासोबतच्या द्रावणात विरघळवावी लागते. पेटीत कोणती कुपी कोणाशेजारी ठेवली आहे, यावर येथे जीव अवलंबून असतो. लस सुरक्षित आहे असे सांगणे पुरेसे नाही. ती टोचणारी यंत्रणाही तितकीच काटेकोर असावी लागते.

<b>चार तासांची कुपी</b>

विरघळवलेल्या लसीत जंतुनाशक घटक नसतो. त्यामुळे कुपी फोडल्यावर चार तासांत ती वापरावी लागते; उरलेली फेकून द्यावी लागते. इतर काही लसींची उघडलेली कुपी पुढच्या सत्रासाठी जपून ठेवता येते, तशी ही ठेवता येत नाही. सरकारी कार्यक्रमातील एका कुपीत पाच किंवा दहा मात्रा असतात. एखाद्या पाड्यावर सत्राच्या दिवशी एकच बाळ आले तर परिचारिकेने काय करावे? एका बाळासाठीही कुपी फोडावी, अशी कार्यक्रमाची अपेक्षा आहे. पण वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब परिचारिकेलाच द्यावा लागतो. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात या, आणखी मुले जमली की देऊ’ असे उत्तर मिळण्याची शक्यता राहते. पुढच्या महिन्यात ते कुटुंब तेथे असेलच असे नाही.

दुसऱ्या मात्रेचे दुखणे आणखी वेगळे आहे. पहिल्या वर्षात बाळाला घेऊन केंद्रावर पाच-सहा फेऱ्या होतात. नवव्या महिन्यानंतर मोठी खंड पडते आणि दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. तोवर बाळ चालू लागलेले असते, आई पुन्हा कामावर जात असते आणि लसीकरणाचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दोन ते तीन वर्षे वयाच्या मुलांमध्ये दुसरी मात्रा मिळालेल्यांचे प्रमाण अवघे ५८.६ टक्के होते. ही पाहणी घरोघर जाऊन केली जाते, सरकारचा ९२.२ टक्क्यांचा आकडा आरोग्य केंद्रांच्या नोंदींतून येतो. दोन्ही आकड्यांची वर्षे वेगळी असल्याने त्यांची थेट तुलना योग्य ठरणार नाही. मात्र नोंदवहीतील मुलांपेक्षा घरांतील मुले अधिक असू शकतात, याची जाणीव ठेवली पाहिजे. ज्या बाळाची नोंदच नाही, ते छेदातही येत नाही आणि टक्केवारी विनाकारण चांगली दिसते.

<b>गोवंडीचा धडा</b>

सरासरी फसवी कशी असते, हे मुंबईने २०२२ मध्ये पाहिले. ऑक्टोबरअखेर गोवंडीतील रफीनगर वस्तीत दोन दिवसांत तीन बालके दगावली आणि साथ उघडकीस आली. केंद्रीय पथक आले, कस्तुरबा रुग्णालयात स्वतंत्र व्यवस्था झाली. पुढच्या काही आठवड्यांत मालेगाव आणि भिवंडी येथेही साथ पसरल्याचे स्पष्ट झाले. राज्य सरकारने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. त्याच नोव्हेंबरात रांची, अहमदाबाद आणि मलप्पुरम येथेही केंद्राला पथके पाठवावी लागली.

गोवंडी हा महापालिकेच्या ‘एम पूर्व’ विभागाचा भाग आहे. मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. देवनारची कचराभूमी, तिच्या कडेने वाढलेल्या वस्त्या, एका खोलीत सात-आठ माणसे, भाड्याच्या घरांमुळे सतत बदलणारे पत्ते आणि कुपोषण. गोवराला याहून अनुकूल भूमी शोधून सापडणार नाही. त्यात २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनाची गेली. लसीकरण सत्रे बंद पडली, परिचारिका व आशा करोनाच्या कामाला जुंपल्या गेल्या, अनेक कुटुंबे गावी जाऊन परतली. २०२१ मध्ये जगभरात सुमारे चार कोटी मुलांची गोवराची एकतरी मात्रा हुकली होती. टाळेबंदीत जन्मलेली बाळे २०२२ मध्ये नेमकी गोवराच्या तावडीत सापडण्याच्या वयाची झाली.

येथेच पाच टक्क्यांचे गणित उलगडते. लस न मिळालेली मुले देशभर सारखी विखुरलेली असती, तर प्रत्येकाभोवती लस घेतलेल्या एकोणीस मुलांचे कडे राहिले असते आणि विषाणूला वाट मिळाली नसती. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या शेजारी राहतात. एका वस्तीत शंभरातील चाळीस मुले लसीविना असतील, तर शहराची सरासरी ९५ असूनही त्या गल्लीत साथ येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ११ लाख मुलांची पहिली मात्रा हुकली होती. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या लहान वाटते. ती मोजक्या वस्त्यांत एकवटली की लहान राहत नाही.

या साथीत एक असाधारण निर्णय घ्यावा लागला. नऊ महिन्यांखालील बाळांनाही लागण होत असल्याने, ज्या भागांत अशा रुग्णांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक मात्रा देण्याची आणि नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याची सूचना केंद्राने केली. सहाव्या महिन्यातील मात्रेचा परिणाम कमी असतो, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. तिच्यानंतरही नियमित दोन मात्रा घ्याव्याच लागतात.

शहरातील वस्त्यांइतकाच अवघड प्रश्न फिरत्या कुटुंबांचा आहे. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणारे ऊसतोड मजूर मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या असलेल्या बाळाचा नववा महिना फडावर उजाडतो. गावच्या यादीत ते ‘स्थलांतरित’ म्हणून सुटते आणि कारखान्याच्या गावात ते ‘बाहेरचे’ ठरते. वीटभट्ट्या आणि बांधकामांवरील मुलांचीही हीच गत. लसीकरणाच्या नोंदी देशात कोठेही पाहता याव्यात यासाठी ‘यू-विन’ ही संगणकीय व्यवस्था आणली गेली आहे. कार्ड हरवले तरी नोंद राहील, हा तिचा खरा लाभ. परंतु ज्या बाळाची पहिली नोंदच झालेली नाही, ते संगणकालाही दिसत नाही.

<b>निर्मूलन म्हणजे काय?</b>

‘निर्मूलन’ या शब्दाला येथे तांत्रिक अर्थ आहे. देवीचे झाले तसे जगातून समूळ उच्चाटन यात अभिप्रेत नाही. देशातील स्थानिक विषाणूचा प्रसार किमान बारा महिने पूर्ण थांबलेला असणे, आणि तो थांबला आहे हे दाखवू शकणारी सक्षम सर्वेक्षण व्यवस्था असणे, म्हणजे निर्मूलन. दुसरी अट पहिलीइतकीच कठीण आहे. रुग्ण नाहीत असे म्हणण्यासाठी आधी रुग्ण शोधावे लागतात. म्हणून ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करून त्याचे रक्त तपासायचे असते, आणि एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन रुग्ण ‘गोवर नाही, रुबेलाही नाही’ म्हणून बाद व्हावेत अशी अपेक्षा असते. जो जिल्हा एकही संशयित रुग्ण कळवत नाही, तेथे गोवर नाही असे मानायचे की कोणी पाहिलेच नाही, हा प्रश्न उरतोच. पोलिओसाठी उभारलेले सर्वेक्षणाचे जाळे या कामी उपयोगी पडले आहे. मात्र शहरांतील खासगी डॉक्टर पुरळाचे रुग्ण तितक्या तत्परतेने कळवत नाहीत, ही जुनी तक्रार आहे.

शेजाऱ्यांचे उदाहरण समोर आहे. दक्षिण-पूर्व आशिया विभागात भूतान आणि मालदीव यांनी २०१७ मध्ये, उत्तर कोरिया व तिमोर-लेस्ते यांनी २०१८ मध्ये, तर श्रीलंकेने २०१९ मध्ये निर्मूलनाचा दर्जा मिळवला. हे देश लहान आहेत, असे म्हणून सुटका करून घेता येते. पण श्रीलंकेची आरोग्य व्यवस्था गावपातळीवर कित्येक दशके भक्कम होती, हे अधिक खरे कारण आहे. मिळवलेला दर्जा टिकतोच असेही नाही. आफ्रिकेतील गांबियाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस गोवराचा प्रसार थांबवला होता. लसीकरण ढिले पडताच तो परतला. ब्राझीलने २०१९ मध्ये दर्जा गमावला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा मिळवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडासारख्या संपन्न देशालाही तो गमवावा लागला.

प्रसार थांबल्याचे प्रमाणपत्र लगेच मिळत नाही. शेवटच्या स्थानिक रुग्णानंतर छत्तीस महिने साखळी तुटलेली राहिली, हे पुराव्यानिशी दाखवल्यावरच विभागीय पडताळणी आयोग त्यावर शिक्कामोर्तब करतो. भारतातील शेवटची साखळी २०२६ च्या अखेरीस तुटली असे गृहीत धरले, तरी ते प्रमाणपत्र २०२९ संपण्यापूर्वी हाती येऊ शकत नाही. त्या तीन वर्षांत देशात जन्मणाऱ्या सात कोटींच्या आसपास बाळांना दोन-दोन मात्रा देण्याचे काम चालूच राहील.